आवाजाच्या कामातला संथपणा: एका रूढ सल्ल्याचा प्रतिवाद

आवाजाच्या कामात बोलण्याची गती दोन घटकांनी ठरते. उच्चार किती भरभर होतात हा पहिला घटक. उच्चारांच्या मध्ये शांतता कुठे आणि किती आहे हा दुसरा. एका मिनिटात सारखेच शब्द वाचणाऱ्या दोघांपैकी एकाचे वाचन धावते आणि दुसऱ्याचे निवांत वाटू शकते. ऐकणारा शब्द मोजत बसलेला नसतो. एक गोष्ट मनात बसल्यावर पुढची आली, की तिच्याआधीच येऊन आदळली, एवढेच त्याला जाणवते. तरीही नवोदिताला कार्यशाळेत आणि स्टुडिओच्या काचेपलीकडून एकच सूचना मिळते: हळू बोला, शब्द सावकाश सोडा. ही सूचना पहिल्या घटकाला हात घालते आणि दुसऱ्याला विसरते. मराठीत ती नुसती अपुरी राहत नाही, तिने वाचन बिघडते. संथपणा शिकायचा तो थांबण्याच्या जागा ओळखून. उच्चार ताणून तो येत नाही.

या मताला आधार आहे. फ्रीडा गोल्डमन-आयस्लर यांनी लंडनमध्ये उत्स्फूर्त बोलण्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि 1968 साली त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. माणसांच्या बोलण्याच्या एकूण गतीत जो फरक दिसतो तो मुख्यतः थांब्यांमुळे पडतो, प्रत्यक्ष उच्चारांची गती त्या मानाने स्थिर राहते, असे त्यांना आढळले. पुढे 1984 साली जोन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरतपासणी करून दाखवले की उच्चारगतीही वाटते त्यापेक्षा बरीच बदलते. ही दुरुस्ती मान्य केलीच पाहिजे. पण तिच्यामुळे थांब्यांचे महत्त्व कमी होत नाही. घाईने बोलणाऱ्या माणसाचे ऐकले तर बहुतेक वेळा त्याची जीभ फार वेगवान नसते. तो थांबत नसतो. अशा माणसाला प्रत्येक शब्द लांबवायला सांगितले, तर तो न थांबताच लांबवतो. घाई तशीच राहते, वर कंटाळा येतो.

मराठी ताणली की काय होते ते नीट पाहण्यासारखे आहे. मराठी लिपीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात ‘अ’ असतो, पण बोलताना तो अनेक ठिकाणी गळतो. ‘नवरा’ लिहिताना तीन अक्षरे, बोलताना दोन: नव्-रा. ‘बदलला’ हा बदल्-ला होतो. ‘घर’ शब्दाच्या शेवटी मराठी माणूस सहज बोलताना पूर्ण ‘र’ म्हणत नाही. शब्द सावकाश सोडायला लागले की गळालेला ‘अ’ परत उगवतो. ‘न-व-रा’ असे तीन सुटे तुकडे पडतात आणि ‘घर’च्या शेवटी पूर्ण ‘र’ ऐकू येतो. मग वाचन मराठी बोलण्यासारखे न वाटता पहिलीतल्या मुलाने बाराखडी लावून वाचल्यासारखे वाटते. दुसरे असे की क, ट, त, प ही व्यंजने ताणता येत नाहीत, ताणले जातात ते स्वर. त्यामुळे स्वर फुगतात, व्यंजने होती तेवढीच राहतात, आणि वाक्याला हेल येतो. स्टुडिओत अशा वाचनाला ‘गातोय’ म्हणतात. घाईवर उपाय म्हणून शिकवलेल्या युक्तीतून हेल तयार होतो, आणि पुढची कित्येक वर्षे तो मोडण्यात जातात. घाई तुलनेने लवकर जाते, हेल मात्र चिवट असतो. म्हणूनच या सल्ल्याला विरोध करणे महत्त्वाचे आहे.

पठणाच्या जुन्या शास्त्राने हा धोका ओळखला होता. पाणिनीय शिक्षेत वाईट वाचकांचे सहा प्रकार दिले आहेत. त्यांत भरभर वाचणारा ‘शीघ्री’ आहे, तसाच गाऊन वाचणारा ‘गीती’ही आहे, आणि त्यांच्याच पंगतीला अर्थ न समजता वाचणारा आहे. म्हणजे घाई हा दोष मानला असला तरी गाण्याकडे झुकणे हा तिच्यावरचा उतारा मानलेला नाही. तो तेवढाच दोष आहे. चांगल्या वाचकाच्या गुणांत माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदे सुटी करणे, चांगला स्वर, धैर्य आणि लय सांभाळण्याची ताकद यांची गणना केली आहे. या यादीत नुसते हळू वाचणे कुठेच नाही. धैर्य मात्र आहे, आणि ते गतीच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. माइकसमोरची शांतता सोसायला धीर लागतो, आणि घाई करणाऱ्याकडे नेमकी त्याचीच उणीव असते.

मराठी वाक्याची रचना हा पुढचा मुद्दा. क्रियापद शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही नंतर. ‘पाहुण्यांनी सकाळी चहा घेतला’ आणि ‘पाहुण्यांनी सकाळी चहा घेतला नाही’ या दोन वाक्यांत शेवटच्या दोन अक्षरांपर्यंत काहीही फरक नाही. घाई करणारा वाचक नेमका शेवट खातो, कारण त्याचा डोळा तोवर पुढच्या ओळीवर गेलेला असतो. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी किंवा त्याला चिकटून येतो; वाक्याचा शेवट थोडा सैल पडला तरी अर्थ बऱ्याचदा वाचतो. मराठीत शेवट गेला की अर्थच उलटतो. यावर सगळे वाक्य ताणणे हा इलाज नाही. शेवटच्या क्रियापदापर्यंत श्वास पुरवायचा, ते पूर्ण उच्चारायचे आणि त्यानंतर थांबायचे.

विशेषणांचेही असेच आहे. ‘पुण्याहून सकाळी निघालेल्या गाडीतून उतरलेली म्हातारी’ या पदबंधात ज्या व्यक्तीबद्दल सांगायचे आहे ती सर्वांत शेवटी येते. तोवरचे सगळे शब्द ऐकणाऱ्याला मनात धरून ठेवावे लागतात. असा पदबंध शब्दाशब्दाला थांबत वाचला तर म्हातारी येईपर्यंत पुणे विसरायला होते. तो एका दमात, सहज गतीने म्हणायला हवा आणि थांबा ‘म्हातारी’नंतर यायला हवा. चांगल्या मराठी वाचनात गटाच्या आतली गती अनेकदा बरीच जलद असते, आणि ती तशीच असावी लागते. ‘तर’ आणि ‘म्हणून’ यांच्याबाबत नवोदित हमखास चुकतो. ‘औषध रोज घेतलं नाही तर ताप उतरणार नाही’ यात ‘तर’ मागच्या भागाला चिकटलेला आहे. थांबायचे ते त्याच्या नंतर. घाईत श्वास संपला की लोक ‘नाही’पाशी तुटतात, आणि ‘तर ताप उतरणार नाही’ हे वेगळेच वाक्य होऊन बसते.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’चे ध्वनिमुद्रण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले आहे. त्यातली उच्चारगती कोणत्याही अर्थाने मंद नाही. कित्येक वाक्ये झरझर जातात. तरी ऐकणाऱ्याचे काही निसटत नाही, कारण महत्त्वाच्या शब्दाच्या अलीकडे किंवा पलीकडे मोकळी जागा ठेवलेली असते आणि ती हशासाठीच नव्हे तर समजण्यासाठीही असते. ‘हळू बोला’ म्हणणाऱ्यांनी या नमुन्याचे उत्तर द्यायला हवे.

दुसरा रूढ उपाय म्हणजे शब्दांचा आकडा: मिनिटाला 150 शब्दांच्या आसपास राहा, म्हणजे गती बरोबर येते. हा आकडा इंग्रजी निवेदनातून आला आहे. इंग्रजीत तो ढोबळ मार्गदर्शक म्हणून चालतो. मराठीत तो लागू करणे ही सरळ गणिताची चूक आहे, कारण मराठी शब्द प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन लांब होतो. इंग्रजीला चार-पाच शब्द लागतात तिथे मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द पुरतो.

हे एका सर्वपरिचित वाक्यावर तपासता येते. म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीच्या शेवटी येणारा जोखमीचा इशारा इंग्रजीत 14 शब्दांचा आहे. पूर्वी तो इतका भरभर वाचला जाई की काही कळत नसे. सेबीच्या 2012 सालच्या जाहिरातविषयक नियमांत म्हणून असे उदाहरण दिले आहे की हे 14 शब्द किमान 5 सेकंद चालले तर इशारा स्पष्ट आणि समजण्याजोगा मानता येईल. हिशेब मिनिटाला 168 शब्दांचा होतो. इंग्रजी वाक्यात बोलताना सुमारे 26 अक्षरे येतात, म्हणजे सेकंदाला पाचाच्या थोडे वर. त्याचे सरळ मराठी असे होईल: म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन असते, योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा. शब्द 13, म्हणजे एक कमीच. पण बोलताना होणारी अक्षरे सुमारे 38. तेच 5 सेकंद दिले तर सेकंदाला साडेसात अक्षरे बोलावी लागतात. शब्द मोजणाऱ्याच्या लेखी मराठी वाचक संथ ठरतो, प्रत्यक्षात तो धावत असतो.

एका औपचारिक वाक्यावरून भाषेची सरासरी ठरत नाही. गप्पांच्या मराठीत शब्द आखूड असतात आणि हा फरक कमी होतो. पण फरकाची दिशा कायम राहते. याच वाक्याच्या प्रमाणाने मिनिटाला 150 मराठी शब्द म्हणजे सेकंदाला सात अक्षरांहून अधिक. इंग्रजीत तेवढेच शब्द साडेचारांच्या आसपास बसतात. शिवाय आकडा कोणताही धरला तरी तो एकूण वेळाचा असतो. त्यात शांतता कुठे आहे हे कळत नाही. शब्द ताणून आकडा गाठला काय आणि योग्य जागी थांबून गाठला काय, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

थांबण्याचा सल्ला देणारेही आहेत, पण त्यांतले बरेच जण शाळेतला नियम पुढे करतात: स्वल्पविरामाला एक मोजा, पूर्णविरामाला दोन. या नियमाचा पाया कच्चा आहे. मोडी लिखाणात शब्दसुद्धा सुटे नसत, विरामचिन्हांचा तर प्रश्नच नव्हता. आजची चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणावर आली. मेजर थॉमस कँडी यांनी 1850 साली विरामचिन्हांवर पुस्तक लिहून ती रूढ केली. ही चिन्हे डोळ्यांच्या सोयीसाठी आहेत आणि छापील मजकुरात त्यांचा उपयोग मोठा आहे. पण ‘आंबे, फणस, काजू’ या यादीतला स्वल्पविराम आणि लांब पोटवाक्यानंतरचा स्वल्पविराम आवाजात सारखा असू शकत नाही. आणि ‘गाडीतून उतरलेल्या’ म्हातारीनंतर कोणतेच चिन्ह नसताना थांबावे लागते. नाट्यशास्त्रात पाठ्याचा विचार करताना भरताने विलंबित हा अलंकार आणि विच्छेद हे अंग अशी दोन निराळी नावे दिली. संथ उच्चार वेगळा आणि विरामामुळे पडणारा तुटकपणा वेगळा, हा भेद त्यात स्पष्ट आहे. विराम छंदावरून ठरत नाही, अर्थावरून ठरतो, असेही तिथे सांगितले आहे. शिवाय विलंबित ही सर्वकाळ ठेवायची गती नसून विचार, तर्क अशा ठरावीक प्रसंगांसाठी आहे, तशी भय आणि घाईसाठी द्रुत आहे. सगळ्या मजकुराला एकच संथ गती लावणे म्हणजे भीतीचा प्रसंगही चिंतनासारखा वाचणे.

अलीकडे एक आक्षेप जोरात मांडला जातो: सॉफ्टवेअरने ध्वनिमुद्रण हवे तेवढे संथ करता येते, आणि ऐकणारे तर ऑडिओबुक दीडपट गतीने ऐकतात, मग संथपणा शिकायचा कशाला? पहिल्या भागाचे उत्तर प्रयोगांतून मिळाले आहे. एमआयटीतील पिचेनी, डर्लाख आणि ब्राइडा यांनी ऐकू कमी येणाऱ्यांसाठी स्पष्ट बोलण्याचा अभ्यास केला. स्पष्ट बोलणारे लोक सावकाश बोलतात, हे त्यांना दिसले. मग 1989 साली त्यांनी साधे बोलणे यंत्राने समप्रमाणात लांबवून स्पष्ट बोलण्याच्या गतीला आणले. ते अधिक समजण्याजोगे झाले नाही, उलट बिघडले. पुढे 2002 साली क्राउझ आणि ब्राइडा यांनी दाखवले की सराव दिला तर माणसे नेहमीच्या गतीतही स्पष्ट बोलू शकतात आणि ऐकणाऱ्याला त्याचा फायदा होतो. स्पष्टता आणि संथपणा सहसा एकत्र दिसतात म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. यंत्र चुकीच्या जागचा थांबाही ताणते आणि नसलेला थांबा निर्माण करू शकत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे. ऐकणारा गती वाढवतो तेव्हा थांबे आखूड होतात, पण त्यांच्या जागा आणि एकमेकांशी असलेले प्रमाण टिकते. नीट वाचलेले पुस्तक दीडपट गतीतही समजते ते त्यामुळेच. घाईने वाचलेले पुस्तक गती कमी करून कोणी ऐकत नाही, ते बंद करतो.

उच्चारही थोडे लांबवावे लागतात असे प्रसंग आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. लहान मुलांची गोष्ट, भाषा शिकणाऱ्यांसाठीचे ध्वनिमुद्रण, औषध घेण्याच्या सूचना. पण तिथेही आधी थांबे बसवायचे आणि मग गरजेपुरते उच्चार सैल करायचे, हाच क्रम टिकतो.

घाई येते कुठून हे समजले तर सराव कसा करायचा ते ठरते. मोठ्याने वाचताना डोळा आवाजाच्या काही शब्द पुढे असतो. ओळखीच्या मजकुरात याचा उपयोग होतो. अनोळखी मजकुरात आवाज डोळ्याचा पाठलाग करू लागतो. त्यात माइकची धास्ती असते. श्वास छातीच्या वरच्या भागात, आखूड होतो, पदबंधाच्या मध्येच संपतो, आणि तो संपायच्या आत वाक्य उरकायची धडपड सुरू होते. जीभ आवरायला सांगून यातले काहीच सुधारत नाही. वेगाने म्हणायची ‘कच्चा पापड, पक्का पापड’ छापाची वाक्ये जिभेला चपळ करतात आणि तेवढ्यापुरती ती उत्तम आहेत, पण या प्रश्नाला ती स्पर्शही करत नाहीत.

सरावाची सुरुवात माइकपासून दूर व्हावी. मजकूर मनात वाचून कागद पालथा ठेवायचा आणि त्यात काय आहे ते समोरच्या माणसाला आपल्या शब्दांत सांगायचे. सांगताना आवाज आपोआप जिथे थांबतो त्या अर्थगटांच्या सीमा असतात. मग मूळ स्क्रिप्टवर त्या जागी पेन्सिलने तिरकी रेघ मारायची. वाक्य संपते आणि विचारही संपतो तिथे दोन. प्रत्येक गटात एकच शब्द अधोरेखित करायचा. श्वास फक्त रेघेपाशी घ्यायचा. रेघेपाशी आकडे मोजायचे नाहीत, पुढच्या गटातले चित्र मनात येईपर्यंत गप्प राहायचे. सुरुवातीला ही शांतता वाचणाऱ्याला फार लांब वाटते. ध्वनिमुद्रण ऐकताना ती लांब नसते. त्यानंतर एक उपयोगी कसरत: तोच मजकूर थांबे तसेच ठेवून गटांच्या आत शक्य तितक्या वेगाने वाचायचा. हे जमले की गती आणि थांबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कानालाच पटते, आणि सहज गतीवर परत येणे अवघड राहत नाही.

हेडफोन या टप्प्यानंतरच लावावेत. स्वतःचा आवाज कानात ऐकत वाचणारा तो सजवू लागतो आणि हेल तिथून सुरू होतो. घरच्या साधनांत आणखी एक अडचण असते. संगणकातून फिरून येणारा आवाज कधीकधी क्षणभर उशिरा कानात पडतो. स्वतःचे बोलणे असे उशिरा ऐकू आले की माणूस स्वर ताणतो आणि अडखळतो, हे बर्नार्ड ली यांनी 1950 साली नोंदवले आहे. सुमारे सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा उशीर त्यासाठी पुरतो. माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देण्याची सोय बहुतेक ऑडिओ इंटरफेसमध्ये असते; ती वापरावी. बोलणे मंदावण्यासाठी मुद्दाम हा उशीर वापरण्याची पद्धत वाचाउपचारात आहे आणि तिथे तिचे कारणही आहे. आवाजाच्या कामाच्या सरावात ती आणू नये, कारण तिने मिळणारा संथपणा ताणलेल्या स्वरांचा असतो.

काही कामांत गती कलाकाराच्या हातात नसते. डबिंगमध्ये पडद्यावरचे ओठ उघडले की सुरुवात आणि मिटले की शेवट. इंग्रजी संवादाचे शब्दशः मराठी त्यात मावत नाही, आणि कलाकाराला घाई करावी लागते. टेकमागून टेक घेऊन ही घाई जात नाही. भाषांतर करणाऱ्याने अक्षरे मोजून ओळ लहान करायला हवी: क्रियापद राखावे, नकार राखावा, विशेषणे आणि संबोधने गाळावीत. जाहिरातीतही तेच. 20 सेकंदांच्या जागेसाठी लिहिलेला मजकूर लिहिणाऱ्याने स्वतः घड्याळ लावून, थांबे घेऊन मोठ्याने वाचावा आणि मगच स्टुडिओत पाठवावा. जिथे शब्द बदलता येत नाहीत तिथे वेळ वाढवून द्यावा लागेल. जोखमीचा तो इशारा इंग्रजीइतकाच समजेल असा मराठीत वाचायचा, तर त्याला 5 नव्हे, किमान 7 सेकंद लागतात, आणि ‘असते’नंतरचा थांबा धरला तर 8.